एका यंत्रांत दोन कारभारी

मुलुंड पूर्वेकडील एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेंतलें दोन खोल्यांचें घर डोळ्यांपुढें आणावें. घरांत संगणक एकच, तोही नऊ-दहा वर्षांपूर्वीं हप्त्यांनीं घेतलेला. वडील आजूबाजूच्या पांच-सहा दुकानांचे हिशेब लिहितात. त्यांचें सारें काम टॅलीवर चालतें, आणि टॅली ही विंडोजसाठींच घडविलेली. कन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षांत आहे. तिचीं प्रात्यक्षिकें लिनक्सवर होतात व तींच घरीं पुन्हां करून पाहावीं अशी अध्यापकांची अपेक्षा असते. आजोबांचें प्रकरण आणखी निराळें. मंडळाच्या पंचवीस वर्षांच्या स्मरणिका, इतिवृत्तें व जमाखर्चाचीं टिपणें त्यांनीं श्रीलिपीच्या जुन्या टंकांत उतरून ठेविलीं आहेत. तो टंक ज्या यंत्रावर नाहीं तेथें तीं उघडलीं असतां मराठीच्या जागीं रोमन अक्षरें व चिन्हें यांची खिचडी दिसते.

अशा घरांत ऑक्टोबर २०२५ मध्यें एक चौथी अडचण येऊन उभी राहिली. त्या महिन्याच्या १४ तारखेस मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नित्याची देखभाल थांबविली. विंडोज ११ घ्यावी, तर ती ह्या संगणकावर नियमानें बसत नाहीं, तिला टी. पी. एम. २.० नांवाची सुरक्षेची चिप आणि इंटेलच्या प्रोसेसरांपैकीं सामान्यतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. नवा संगणक घेणें तूर्त झेपणारें नाहीं. जुना टाकावा, तर तो चांगला चालतो आहे.

अशा वेळीं शेजारचा एखादा जाणकार तरुण सुचवितो कीं, एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवाव्या. सूचना योग्य आहे. परंतु ती अमलांत आणण्याच्या चार-पांच रीती आहेत, आणि घाईनें धरलेली रीत वडिलांचे हिशेब व आजोबांच्या स्मरणिका एका क्षणांत नाहींशा करूं शकते. म्हणून प्रत्येक रीतीला दोन प्रश्न विचारावे. दोन्ही प्रणाली एकाच वेळीं हव्या आहेत कीं पाळीपाळीनें? आणि प्रयोग फसला तर जेथें होतों तेथें परत येण्याची वाट कोणती? पहिला प्रश्न बहुतेकांना सुचतो. दुसरा सहसा उशिरां सुचतो.

ऑपरेटिंग सिस्टिमला मराठींत कार्यप्रणाली म्हणतात. पण तिचें काम पाहिलें म्हणजे जुन्या वाड्यांतल्या कारभाऱ्याची आठवण होते. संगणकाची कळ दाबली कीं प्रथम त्याच्या मुख्य पटावर कोरलेला एक लहानसा प्रोग्राम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायॉस म्हणत, नव्यांत यू. ई. एफ. आय. म्हणतात. हा देवडीवरचा पहारेकरी. तो यंत्राचे अवयव जागेवर आहेत कीं नाहींत हें पाहतो, कारभारी कोठें आहे तें शोधतो आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातीं देतो. तेथून पुढें मेमरी कोणाला किती द्यावयाची, डिस्कवर कोठें काय लिहावयाचें, छपाईयंत्राला केव्हां हांक मारावयाची, हें सगळें कारभारी ठरवितो. टॅलीसारखा प्रोग्राम यंत्राशीं परभारें बोलत नाहीं. तो कारभाऱ्याकडे मागणी करतो, आणि ती मागणी त्या कारभाऱ्याच्या भाषेंत असावी लागते. विंडोजची भाषा निराळी आणि लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना आरंभिलेल्या लिनक्सची निराळी. उबंटू, मिंट, सी-डॅक ह्या सरकारी संस्थेची बॉस हीं सारीं लिनक्सच्याच घराण्यांतलीं नांवें होत. एका कारभाऱ्याच्या भाषेंतला प्रोग्राम दुसऱ्याच्या हातीं सहसा चालत नाहीं, म्हणून दोघांना ठेवण्याचा हा खटाटोप.

पहिली रीत सर्वांत जुनी व सर्वांत प्रसिद्ध. तिला डुअल बूट म्हणतात. हार्ड डिस्कचे दोन विभाग करून एकांत विंडोज व दुसऱ्यांत लिनक्स बसवावयाची, आणि यंत्र सुरू होतांना एका यादींतून हवी ती निवडावयाची. ती यादी दाखविण्याचें काम लिनक्सबरोबर येणारा ग्रब नांवाचा लहान प्रोग्राम करतो.

उपनगरांतील लोकांना ह्या व्यवस्थेचा एक नमुना ओळखीचा असेल. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धांवूं लागली ती १,५०० व्होल्टच्या डी. सी. प्रवाहावर. पुढें देशभर २५,००० व्होल्टच्या ए. सी. प्रवाहाचा अंगीकार झाल्यावर मुंबईच्या लोकल गाड्यांचा मार्गही बदलणें भाग पडलें. पश्चिम रेल्वेवर हें काम २०१२ सालीं आणि मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर २०१६ सालीं पुरें झालें. मधल्या वर्षांत दोन्ही प्रवाहांवर चालतील अशा गाड्या वापराव्या लागल्या. अशा गाडीला दोन्ही प्रवाह चालत. परंतु एका वेळीं एकच. जेथें एक प्रवाह संपून दुसरा सुरू होई, तेथें तारेचा कांहीं भाग निर्वीज ठेविलेला असे, आणि गाडी तेवढें अंतर केवळ आपल्या वेगाच्या जोरावर कापी. डुअल बूटचें असेंच आहे. जी प्रणाली चालू असेल तिला यंत्राची सगळी मेमरी, सगळा प्रोसेसर, सगळें चित्रबळ मिळतें, वांटेकरी कोणी नसतो. पण एकींतून दुसरींत जावयाचें तर मध्यें दिवे मालवावे लागतात. वडिलांचें व्हाउचर अर्धवट असतांना मुलीला पांच मिनिटें लिनक्स हवी असली, तर टॅली बंद करा, विंडोज बंद करा, यंत्र पुन्हां सुरू करा. आणि पांच मिनिटांनंतर हाच क्रम उलटा. दोघांच्या वेळा ठरलेल्या असतील तर ह्यांत कांहींच कठीण नाहीं. नसतील तर घरांत धुसफूस व्हावयाची, आणि ती कोणत्याही प्रणालीला आवरतां येत नाहीं.

खरी काळजी मात्र बसवितांना घ्यावयाची असते. डिस्कचे विभाग पाडणें म्हणजे पिकानें भरलेल्या शेतांतला बांध सरकविणें आहे. विंडोज आधींच सगळ्या डिस्कभर पसरलेली असते. तिला आखडून घेतल्याशिवाय लिनक्सला जागा होत नाहीं. हें आखडण्याचें काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंट ह्या साधनाकडून करवून घ्यावें, कारण आपली कोणती फाईल कोठें पडली आहे तें तिलाच नीट ठाऊक असतें. उबंटूसारख्या प्रणालीला २५ गिगाबाइट जागा किमान लागते. अभ्यासाचें काम करावयाचें तर ५० असावी. विंडोज आधीं आणि लिनक्स मागून, हा क्रम पाळावा. उलट केल्यास विंडोज उठवणीची सूत्रें आपल्याकडे ओढून घेते आणि लिनक्स असून नसल्यासारखी होते. सर्वांत मोठा घात होतो तो एका साध्या प्रश्नापाशीं. लिनक्स बसविणारा प्रोग्राम विचारतो कीं, असलेल्या प्रणालीच्या शेजारीं बसूं कीं सगळी डिस्क पुसून बसूं? घाईंत दुसऱ्या पर्यायावर बोट पडलें आणि पुढल्या एक-दोन संमति न वाचतां दिल्या, कीं पंचवीस वर्षांच्या स्मरणिका गेल्या. दोन प्रणाली ठेवण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि आधीं सगळ्या फाईलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती उघडून पाहा, हें सांगण्याचें त्यांतले बरेच जण विसरतात. हा विसर अक्षम्य आहे.

ह्या रीतींत आणखी तीन-चार खांचखळगे आहेत. कित्येक नव्या लॅपटॉपांत डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद केलेला असतो. मालकाला त्याची वार्ताही नसते. ह्या कुलपाचें नांव बिटलॉकर. यंत्राच्या उठवणींत बदल झालेला दिसला कीं तें ४८ अंकांची किल्ली मागतें, आणि ती नसेल तर घरच्या धन्यालाही दार उघडत नाहीं. म्हणून विभागाला हात लावण्यापूर्वीं ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यांतून काढून कागदावर उतरून घ्यावी. दुसरी गोष्ट विंडोजच्या फास्ट स्टार्टअपची. ती चालू असली म्हणजे यंत्र बंद केल्यासारखें दिसतें, पण विंडोज पुरती निजलेली नसते. आपला दप्तराचा पसारा मांडलेला ठेवूनच ती डोळे मिटते. अशा वेळीं लिनक्समधून तिच्या विभागांत कांहीं लिहिलें तर पसारा विसकटतो. तेव्हां ती सोय बंद करणेंच शहाणपणाचें. तिसरी गोष्ट अशी कीं, दोन्ही प्रणालींची उठवणीची सामग्री एकाच डिस्कच्या एका चिमुकल्या विभागांत शेजारीं शेजारीं असते, आणि एकीच्या सुधारणेचा धक्का दुसरीला बसूं शकतो. १३ ऑगस्ट २०२४ रोजीं मायक्रोसॉफ्टनें पाठविलेल्या सुरक्षा-सुधारणेनंतर दोन प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स उठेनाशी झाली. उठवणीचे जुने, सदोष प्रोग्राम अडविण्यासाठीं ती सुधारणा होती. दोन प्रणालींच्या यंत्रांना ती लागूं होणार नाहीं असें कंपनीनेंच सांगितलें होतें, पण तशीं यंत्रें ओळखण्यांत चूक झाली.

चौथी गोष्ट घड्याळाची, आणि ती मोठी गमतीची आहे. यंत्रांत एक घड्याळ असतें. तें वीज नसतांही बारक्या सेलवर चालतें. विंडोज समजते कीं, ह्या घड्याळांत स्थानिक वेळ आहे. लिनक्स समजते कीं, त्यांत जागतिक प्रमाण वेळ आहे आणि तींत साडेपांच तास मिळविले म्हणजे भारताची वेळ निघते. दोघी आपापल्या समजुतीप्रमाणें घड्याळ लावतात. मुलीनें रात्रीं लिनक्स वापरून यंत्र बंद केलें आणि वडिलांनीं पहांटे पांच वाजतां विंडोज उघडली, तर तिला रात्रीचे साडेअकरा वाजलेले दिसतात. तारीखही आदल्या दिवसाची. हाच प्रकार १ एप्रिलला घडला तर यंत्राच्या मतें अजून ३१ मार्चच असतो, म्हणजे आर्थिक वर्षच बदललेलें नसतें! हिशेबनिसाला ही गोष्ट हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. इंटरनेट मिळालें म्हणजे विंडोज कांहीं वेळानें आपली चूक सुधारते. पण मुळांतच उपाय करावा हें बरें. लिनक्सला एक आज्ञा देऊन, यंत्राचें घड्याळ स्थानिक वेळेचें आहे असें सांगतां येतें, आणि तंटा मिटतो. एका गांवांत दोन वेळा ही मुंबईला नवी गोष्ट नव्हे. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाण वेळ सुरू झाली तरी शहरांतल्या कित्येक घड्याळांनीं पुढें चार दशकांहून अधिक काळ मुंबईची जुनी वेळ सोडली नाहीं. ती प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटें मागें असे, आणि आगगाडी गांठावयाची असली म्हणजे मनांत हिशेब करावा लागे.

दुसरी रीत पोटभाडेकरू ठेवण्याची. मूळ कारभारी जागचा हालत नाहीं. त्याच्याच घरांत पडदा लावून दुसऱ्यासाठीं एक खोली केली जाते. ही खोली म्हणजे एक कल्पित संगणक. ओरॅकलचा व्हर्च्युअलबॉक्स हा विनामूल्य प्रोग्राम विंडोजमध्यें बसविला, तर तो एक खोटें यंत्र निर्माण करतो: त्याला खोटी डिस्क, खोटें नेटवर्क-कार्ड, आणि खऱ्या मेमरींतला कांहीं हिस्सा. त्या यंत्रांत लिनक्स बसवितां येते. विंडोजच्या पडद्यावर एका चौकटींत लिनक्स चालते. टॅली एका बाजूस आणि मुलीचीं प्रात्यक्षिकें दुसऱ्या बाजूस. यंत्र पुन्हां सुरू करणें नको, विभाग पाडणें नको, घड्याळाचा तंटा नको.

परतीच्या वाटेच्या दृष्टीनें ही रीत फार उजवी आहे. पाहुण्याची सगळी डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाईल. प्रयोग फसला तर ती फाईल पुसली कीं संपलें. शिवाय पाहुण्याची एखाद्या क्षणींची स्थिति जशीच्या तशी जपून ठेवतां येते, आणि मागाहून बिघाड झाला तर त्या क्षणाला परत जातां येतें. ही सोय खऱ्या यंत्रांत इतक्या सहजपणें मिळत नाहीं.

मग सगळेच ही रीत कां पत्करीत नाहींत? कारण पोटभाडेकरू ठेवावयाला घर तेवढें मोठें लागतें. दोन्ही प्रणाली एकाच वेळीं जाग्या असल्यामुळें दोघींना मेमरी लागते. आठ गिगाबाइट मेमरी असलेल्या यंत्रांत दोघींना चार-चार वांटून दिली तर दोघीही अवघडून बसतात. सोळा असेल तर कोणाचीच कुरकूर राहत नाहीं. आणि मुळांत चारच असेल तर ह्या रीतीचा नाद सोडावा. भारी चित्रें, चित्रफितींचें संपादन, खेळ ह्यांत पाहुणा मागें पडतो. प्रोसेसरांत ह्या कामासाठीं जी सोय असते ती पुष्कळ यंत्रांत मिटवून ठेविलेली असते. ती पहारेकऱ्याच्या, म्हणजे बायॉसच्या, पडद्यावर जाऊन उघडावी लागते. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन पाहुण्याच्या हातीं सोंपवितां येतो, पण कधीं कधीं तो दोघांच्या ओढाताणींत सांपडतो. आणि पाहुणा म्हणून विंडोजच बसवावयाची असेल तर तिला निराळा परवाना लागतो, कारण संगणकाबरोबर आलेला परवाना सहसा त्या यंत्रापुरता असतो.

आजोबांच्या स्मरणिकांना मात्र हीच रीत मानवते. ते जुने टंक व ती जुनी प्रणाली चालण्यापुरती विंडोज एका कल्पित यंत्रांत ठेवावी आणि त्या यंत्राची नेटवर्कची तार काढून टाकावी. कल्पित तार काढावयाला एक खूण पुसणें पुरतें. बाहेरचें वारेंच लागत नसल्यामुळें देखभाल थांबलेल्या विंडोजला तेथें फारसें भय उरत नाहीं. जुना ग्रंथ कांचेच्या कपाटांत ठेवावा तसा हा प्रकार आहे. कपाटांतून एकेक स्मरणिका काढून तिचा मजकूर हळूहळू युनिकोडमध्यें करून घेतला म्हणजे पुढें कपाटाचीही गरज राहणार नाहीं. युनिकोडमधलें मराठी दोन्ही प्रणालींत सारखेंच दिसतें, आणि इनस्क्रिप्ट कळफलक एकदां हातीं बसला कीं तोही दोन्हींकडे तोच असतो.

तिसऱ्या रीतीचा उल्लेख थोडक्यांत पुरे. मायक्रोसॉफ्टनें २०१६ पासून विंडोजच्या आंतच लिनक्सची एक ओसरी बांधून दिली आहे. तिचें नांव डब्ल्यू. एस. एल. तिच्या दुसऱ्या आवृत्तींत लिनक्सचा खरा गाभाच चालतो, आणि एका आज्ञेनें ती बसते. ज्या विद्यार्थ्याला फक्त प्रोग्राम लिहून, रचून, चालवून पाहावयाचे आहेत त्याला ती पुरते. ज्याला लिनक्सचा गाभा उघडून पाहावयाचा आहे, तिच्या घरांत राहून तिचे रीतिरिवाज शिकावयाचे आहेत, त्याला ओसरीवर बसून तें साधणार नाहीं. शिवाय खालची विंडोज जुनी असेल तर तिचें जुनेपण ओसरीमुळें कमी होत नाहीं.

चौथी रीत दुसरी प्रणाली घराबाहेर ठेवण्याची, आणि तिचा उत्तम नमुना मुलुंडहून फार दूर नाहीं. पवईच्या तलावाकांठीं आय. आय. टी. मध्यें आकाश ह्या स्वस्त टॅब्लेटच्या दुसऱ्या आवृत्तीचें काम चालत असे. ती आवृत्ति ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रसिद्ध झाली. सात इंचांचा पडदा, ५१२ मेगाबाइट मेमरी आणि ४ गिगाबाइटांचा साठा एवढाच त्या पाटीचा संसार. आंत अँड्रॉइड ही प्रणाली. परंतु अभियांत्रिकीच्या मुलांना खऱ्या लिनक्सवर प्रोग्राम लिहितां यावे, ही पवईच्या मंडळींची इच्छा होती. चार गिगाबाइटांत दोन बिऱ्हाडें कोठून मावणार? त्यांनीं लिनक्स एका मेमरी कार्डावर बसविली. त्या पाटींतल्या ऑलविनर ए-१३ ह्या प्रोसेसरची संवय अशी कीं, जागा झाल्यावर तो कारभारी शोधण्यासाठीं प्रथम कार्डाकडे पाहतो, आणि कार्डांत कोणी नसेल तरच आंतल्या साठ्याकडे वळतो. म्हणून कार्ड घालून पाटी सुरू केली तर लिनक्स, आणि कार्ड काढून सुरू केली तर अँड्रॉइड. आंतल्या प्रणालीच्या केंसालाही धक्का नाहीं. विद्यार्थ्यानें कार्डावर वाटेल तो गोंधळ घालावा. कार्ड काढलें कीं पाटी पूर्ववत्. आकाश आतां इतिहासजमा झाली आहे. पण दोन प्रणाली ठेवण्याचा एवढा निर्धोक मार्ग क्वचितच कोणी काढला असेल. त्याच पवईंत स्पोकन ट्यूटोरियल ह्या उपक्रमानें लिनक्सचे सुमारें दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठींतही तयार केले आहेत. मुलीच्या आधीं आजोबांनींच ते ऐकावे असे आहेत.

घरच्या संगणकावर कार्डाची जागा पेन ड्राइव्ह घेतो. आठ गिगाबाइटांच्या पेन ड्राइव्हवर उबंटू किंवा मिंट उतरून घ्यावी. त्यावरील आधींचा मजकूर मात्र पुसला जातो. मग यंत्र सुरू होतांना एफ-१२ किंवा कंपनीनें नेमून दिलेली कळ दाबून पहारेकऱ्याला सांगावें कीं, आज कारभारी पेन ड्राइव्हवर आहे. लिनक्स कांहींही न बसवितां चालूं लागते. वाय-फाय मिळतें कीं नाहीं, छपाईयंत्र ओळखलें जातें कीं नाहीं, पडदा व आवाज ठीक आहे कीं नाहीं, हें तासाभरांत कळतें. पुढें कोणतीही रीत पत्करावयाची असली तरी ही परीक्षा आधीं घ्यावी. रोजच्या कामाला मात्र साधा पेन ड्राइव्ह मंद पडतो, आणि विशेष तजवीज केली नसेल तर यंत्र बंद करतांच त्यावरचें काम पुसलें जातें.

आकाशच्या कार्डाचें सुरक्षितपण आणि डुअल बूटचें बळ, हीं दोन्ही एकत्र मिळण्याचा एक मार्ग आहे. तो म्हणजे दुसऱ्या प्रणालीला स्वतंत्र डिस्क देणें. टेबलावरच्या संगणकांत दुसरी एस. एस. डी. सहज बसते. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपांत डी. व्ही. डी. चा कप्पा असतो, डी. व्ही. डी. आतां कोणी लावीत नाहीं, आणि त्या जागेंत एका स्वस्त चौकटीनें डिस्क बसवितां येते. विंडोज आपल्या डिस्कवर, लिनक्स आपल्या डिस्कवर. उठवणीची सामग्रीही ज्याची त्याच्यापाशीं. कोठेंही बांध सरकवावा लागत नाहीं. येथें सावधगिरी एकच. लिनक्स बसवितांना विंडोजची डिस्क शक्य तर यंत्रांतून काढून ठेवावी. कारण बसविणारा प्रोग्राम कधीं कधीं लिनक्स नव्या डिस्कवर ठेवून तिच्या उठवणीची सामग्री मात्र जुन्या डिस्कवर टाकतो, आणि मग नवी डिस्क काढली कीं विंडोजच्या दारांतही अडखळायला होतें. हा दोष फुकटच्या घाईनें पदरीं येतो. दोन स्क्रू काढण्याचा आळस केला नाहीं तर येत नाहीं.

मुलुंडच्या त्या घरापुरतें बोलावयाचें तर, यंत्रांत मेमरी आठ गिगाबाइट आहे. वडिलांना टॅली सगळ्या बळानिशीं हवी. मुलीला लिनक्सचा गाभा अभ्यासावयाचा आहे, म्हणून ओसरीवर तिचें भागणार नाहीं. आणि दोघांच्या वेळा निराळ्या आहेत, वडिलांच्या पहांटेच्या व मुलीच्या रात्रीच्या. दोन्ही प्रणाली पाळीपाळीनें लागतात, एकाच वेळीं नव्हे. तेव्हां त्यांना दुसरी डिस्कच सोयीची. २४० गिगाबाइटांची एक एस. एस. डी. घ्यावी, विंडोजची डिस्क काढून ठेवून तीवर मिंट बसवावी, मग जुनी डिस्क जागेवर लावावी. आजोबांसाठीं लिनक्समध्यें एक कल्पित यंत्र करावें. त्यांना तें दुपारीं लागतें, आणि एकट्यानें वापरतांना आठ गिगाबाइट पुरतात. त्या कोंडलेल्या विंडोजच्या परवान्याचा खर्च मंडळानेंच सोसावा, कारण स्मरणिका मंडळाच्या आहेत.

राहिली वडिलांची विंडोज १०. देखभाल थांबली तरी नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरणारांना सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची सोय मायक्रोसॉफ्टनें ठेविली; म्हणजे हा प्रश्न सुटला नाहीं, एक वर्षानें पुढें गेला. अशा विंडोजवर टॅलीखेरीज फारसें कांहीं करूं नये. बँकेचे व्यवहार आणि जी. एस. टी. चीं विवरणें लिनक्समधून भरावीं. टॅलींतून काढलेली विवरणाची फाईल लिनक्सला विंडोजच्या डिस्कवर वाचतां येते. फास्ट स्टार्टअप तेवढी बंद हवी.

पण ह्या सगळ्याच्या आधींचा रविवार दुसऱ्याच कामांत जातो. हिशेबांच्या, अभ्यासाच्या आणि स्मरणिकांच्या सगळ्या फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावयाची, त्यांतल्या दहा-वीस उघडून पाहावयाच्या, आणि ती डिस्क ठाण्याच्या मावशीच्या कपाटांत नेऊन ठेवावयाची. आजोबा म्हणतात, १९९९ ची स्मरणिका आधीं उघडून दाखवा. मग स्क्रूला हात लावा.